मेलबर्नमध्ये 'जुनं' काय बघायचं? गडकोट पाहिलेल्या बाबांसाठी

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याहून आई-बाबा डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी मेलबर्नला येताहेत. बाबा अडुसष्ट वर्षांचे, उभा जन्म गड चढण्यात गेला, आता गुडघे कुरकुरतात. आईंना जुन्या इमारतींचा कंटाळा. शहरात आणि आसपास ऐतिहासिक असं काय दाखवावं, की एका दिवसात ग्रेट ओशन रोड करून मोकळं व्हावं?

मी गेली अठरा वर्षं मेलबर्नमध्ये छोटे गट घेऊन पायी फेऱ्या करतो. डिसेंबर-जानेवारीत त्यात निम्मे तरी असेच कुणाचे तरी आई-बाबा असतात. त्यामुळे यादीच्या आधी एक सांगतो. तुम्ही विचारलंय 'काय दाखवू', पण खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहणार आहे. एखाद्या इमारतीवरची १८७०ची पाटी वाचून बाबा म्हणतील, "एवढंच? आपला वाडा याच्याहून जुना आहे." आणि तो असेलही.

यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: इथे वय बघू नका, वेग बघा. १८३५मध्ये यारा नदीच्या काठी पहिले गोरे लोक येऊन बसले. १८३७मध्ये रॉबर्ट हॉडलने रस्त्यांची चौकट आखली, मोठे रस्ते ९९ फूट रुंद आणि त्यांच्यामधले छोटे ३३ फूट. मोटारी नव्हत्या त्या काळात ९९ फूट! १८५१मध्ये सोनं सापडलं तेव्हा वस्ती तीस हजारांच्या आत होती. १८९१मध्ये ती पाच लाखांच्या घरात गेली. मुंबईत १८६०च्या दशकात कापसाच्या पैशाने जे केलं, ते इथे सोन्याने केलं. म्हणून रायगड बघायचे डोळे इथे कामाचे नाहीत, मुंबईचं फोर्ट बघायचे लागतात. हे विमानतळावरून येताना गाडीतच बाबांना सांगून टाका. पुढचे तीन आठवडे सोपे जातील.

आणि 'जुनं नाही' हेही अर्धंच खरं आहे. ही जमीन वुरुंडजेरी लोकांची, आणि त्यांचं इथलं राहणं हजारो पिढ्यांचं. ते तटबुरुजांत दिसत नाही इतकंच. एमसीजी या क्रिकेटच्या मैदानाबाहेरच्या यारा पार्कात जुन्या गम (निलगिरी) वृक्षांच्या खोडांवर लांबट व्रण आहेत. होडी किंवा भांडी करायला साल काढून घेतल्याच्या त्या खुणा. १८३५मध्ये जॉन बॅटमनने वुरुंडजेरींच्या म्होरक्यांकडून ब्लँकेटं, चाकू, कुऱ्हाडी, आरसे देऊन सुमारे सहा लाख एकर जमीन 'विकत' घेतली. गव्हर्नर बर्कने तो करार रद्द केला, पण कारण बघा: जमीन आधीच ब्रिटिश राजाची आहे, ती विकणारे हे कोण! इनामाच्या सनदा वाचलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळते.

आता तुमच्या बाबतीत काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. एक, ऊन. डिसेंबरात एक दिवस ४० अंश आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर, हे इथे नेहमीचं. दोन, गुडघे चढताना दुखतात की उतरताना. इथल्या बऱ्याच जागा उतरणीच्या आहेत. तीन, तुमच्याकडे गाडी आहे का. शहरासाठी नको, उलट ती डोकेदुखी. मध्यवर्ती भागात ट्राम फुकट आहे. बाहेरगावी जायचं तर मात्र गाडीने फरक पडतो.

पहिला पूर्ण दिवस मी नेहमी एकाच वर्षाभोवती बांधतो: १८८०. सुरुवात रसेल स्ट्रीटवरच्या जुन्या तुरुंगापासून. (जाण्याआधी वेळा बघून घ्या, या जुन्या इमारतींची डागडुजी सतत काढलेली असते.) इथे १३३ जणांना फाशी दिली गेली. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध नेड केली, पंचवीस वर्षांचा दरोडेखोर. अर्ध्या देशाला तो खुनी वाटतो आणि अर्ध्याला उमाजी नाईकांच्या पंगतीतला. कोठड्या तीन मजली आहेत आणि जिना लोखंडी, उभा. तळमजल्यावर थांबलं तरी पुष्कळ दिसतं. फाशी दिल्यावर चेहऱ्यावरून घेतलेले साचे तिथल्या कोठड्यांत ठेवलेले आहेत. आईंना त्यात रस नसेल तर त्यांना बाहेर कॉफी घेऊ द्या, जबरदस्ती नको.

तुरुंगाच्या भिंतीशी मात्र बाबांना दोन मिनिटं उभं करा. मागे साताऱ्याकडचेच एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर होते. तोवर ते विनम्रपणे कंटाळलेले. भिंतीजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि दगडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "अहो, हा तर आपला काळा पाषाण!" अगदी बरोबर. इथे त्याला ब्लूस्टोन म्हणतात, पण आहे तो बेसॉल्ट, ज्वालामुखीचा, सह्याद्रीचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ. दगडाच्या तोंडावर टाकीचे घाव अजून स्पष्ट दिसतात, तिरपे, बोटभर अंतरावर. गुरुजींनी ते मोजले. नंतर दिवसभर ते प्रत्येक गल्लीत वाकून फरशी बघत होते, कारण इथल्या गल्ल्याही याच दगडाच्या आहेत.

तिथून पाच-सात मिनिटांवर स्टेट लायब्ररी. फुकट आहे आणि आत गारवा आहे, म्हणजे दुपारची सोय झाली. १८५६मध्ये सुरू झालेलं हे वाचनालय. आतली घुमटाखालची अष्टकोनी वाचनखोली १९१३ची. लिफ्टने वर जाऊन सज्जातून खाली बघा, मधल्या चौथऱ्यापासून किरणांसारखी पसरलेली टेबलं आणि हिरवे दिवे. केलीचं चिलखत याच वाचनालयाच्या संग्रहात आहे. नांगराचं लोखंड ठोकून बनवलेलं, वजन चाळीस किलोंच्या वर, पत्र्यावर गोळ्यांचे पोचे. पाय उघडे होते, पोलिसांनी गोळ्या पायांवर घातल्या.

बाहेर पडताना दारासमोर एक पुतळा आहे, लोक त्याच्याखाली बसून सँडविच खातात. तो सर रेडमंड बॅरी. या वाचनालयाचा आणि मेलबर्न विद्यापीठाचा एक संस्थापक, आणि केलीला फाशी सुनावणारा न्यायाधीशही तोच. शिक्षा ऐकून केली म्हणाला होता की मी जिथे जाईन तिथे तुमची भेट होईलच. ११ नोव्हेंबर १८८०ला केलीला फाशी झाली, आणि २३ नोव्हेंबरला बॅरी वारला. ही गोष्ट पुतळ्याखाली उभं राहून सांगायची, घरी नाही.

मग कार्लटन गार्डन्समधली रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग, तुरुंगापासून दहा मिनिटांची चाल. १ ऑक्टोबर १८८०ला इथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडलं. म्हणजे एकीकडे शहर जगाला बोलावून आपली श्रीमंती दाखवत होतं, आणि त्याच मोसमात हाकेच्या अंतरावर केलीचा खटला आणि फाशी चालू होती. १९०१मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संघराज्य संसदेचं उद्घाटन याच छताखाली झालं, १९१९च्या साथीत इथे रुग्ण ठेवले, पुढे कैक पिढ्यांनी इथे परीक्षेचे पेपर लिहिले. २००४मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली, ऑस्ट्रेलियातली पहिली इमारत. आत जायला वेळ ठरवून फेरी घ्यावी लागते. नाही जमलं तर बागेतून घुमट बघा आणि बाकावर डबा खा.

या एका दिवसात बाबांचं मत बदलतं, हा माझा अनुभव. बदललं नाही तर फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवर न्या. तिथे त्यांना नक्की गंमत वाटेल, कारण इथे एक लोककथा फिरते की या स्टेशनचे आणि मुंबईच्या व्हीटीचे नकाशे लंडनमध्ये अदलाबदल झाले, आणि मुंबईची इमारत मेलबर्नला व मेलबर्नची मुंबईला व्हायची होती. साफ थाप आहे. व्हीटी १८८०च्या दशकातच बांधून झालं होतं. फ्लिंडर्स स्ट्रीटची स्पर्धा १८९९ची, जिंकणारे दोघेही इथल्याच रेल्वेतले कर्मचारी, आणि इमारत पुरी झाली १९१०मध्ये. पण पिवळ्या भिंती आणि घुमट बघून कथा का पसरली ते कळतं. एक खरी तुलना हवी असेल तर ही घ्या: बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, आणि इथली पहिली वाफेची गाडी १२ सप्टेंबर १८५४ला, याच फ्लिंडर्स स्ट्रीटवरून बंदरापर्यंत. आपण सतरा महिने पुढे! हे ऐकून बाबांची छाती फुगते की नाही बघा.

शहरातल्या बाकीच्या गोष्टी झटपट सांगतो. कुकची झोपडी सोडली तरी चालेल. कॅप्टन कुकच्या आई-वडिलांचं १७५५चं यॉर्कशायरमधलं घर, १९३४मध्ये विटा-दगड खोक्यांत भरून इथे आणून पुन्हा रचलं. कुक स्वतः मेलबर्नला कधी आला नव्हता. बाग मात्र सुंदर आहे. संसद भवनाच्या पायऱ्यांवर फोटो काढा. त्यावर घुमट व्हायचा होता, तो राहूनच गेला. १८९१मध्ये सभागृहाचा राजदंड चोरीला गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. श्राइन ऑफ रिमेंबरन्स हे १९३४चं युद्धस्मारक जरूर बघा. दर वर्षी ११ नोव्हेंबरला सकाळी अकराच्या सुमारास छतातल्या झरोक्यातून किरण आत येऊन शिळेवरच्या 'प्रेम' या शब्दावर पडतो. एरवी हाच देखावा दिव्याच्या झोताने दाखवतात.

एमसीजीला मात्र वेळ काढा, आणि हे ऐतिहासिक स्थळ म्हणूनच. १५ मार्च १८७७ला जगातला पहिला कसोटी सामना इथे सुरू झाला. चार्ल्स बॅनरमनने जखमी होऊन परतण्याआधी १६५ केल्या आणि ऑस्ट्रेलिया ४५ धावांनी जिंकला. शंभर वर्षांनी १९७७मध्ये शतकमहोत्सवी कसोटी झाली, तीही ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनीच जिंकली. बाबांच्या वयाच्या माणसाला १९८१ आठवत असणारच: गावसकर रागाने चेतन चौहानला घेऊन मैदान सोडायला निघाले तो सामना, आणि नंतर मांडी दुखावलेल्या कपिलने २८ धावांत पाच बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ८३वर गुंडाळलं तोही हाच सामना. २०२०मध्ये ३६वर सर्वबाद झालेला संघ घेऊन अजिंक्य रहाणे इथे आला, ११२ केल्या, सामना जिंकला आणि सामनावीराचं मलग पदक घेतलं. ते पदक त्याच सामन्यापासून सुरू झालं. जॉनी मलग हा १८६८मध्ये इंग्लंडचा दौरा केलेल्या आदिवासी संघातला खेळाडू. त्याच्या नावाचा पहिला मानकरी आपला मुंबईचा पोरगा, हे मी फेरीत न चुकता सांगतो. सामना नसलेल्या दिवशी आत फिरवून आणतात. २६ डिसेंबरपासून बॉक्सिंग डेचा कसोटी सामना असतो, म्हणून फेरी त्याआधी उरका.

आता बाहेर. अर्ध्या दिवसासाठी विल्यमस्टाउन. आगगाडीने जा किंवा साउथबँकहून बोटीने, मला बोट आवडते. हे मेलबर्नचं मूळ बंदर. सोन्याच्या नादाने खलाशी जहाजं सोडून पळून जात, आणि बंदरात रिकामी गलबतं उभी राहत. त्यातली काही कैद्यांसाठी तरंगते तुरुंग झाली, आणि त्या कैद्यांकडून इथला काळा दगड काढून घेतला. १८४९चा ब्लूस्टोनचा मनोरा अजून आहे. त्याच्या डोक्यावरचा गोळा रोज ठरल्या वेळी खाली पडे, आणि त्यावरून जहाजं आपली घड्याळं जुळवत. जानेवारी १८६५मध्ये अमेरिकी यादवीतलं दक्षिणेच्या बाजूचं 'शेनान्डोआ' हे लढाऊ जहाज इथे दुरुस्तीला आलं होतं. त्याच यादवीमुळे तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता. हे दोन धागे जोडले की बाबांना पुढचे दोन तास दुसऱ्या कुणी काही सांगावं लागत नाही.

पूर्ण दिवस असेल तर बॅलरॅट, शंभर-सव्वाशे किलोमीटर, आगगाडीने दीड तास. तिथलं सॉव्हरिन हिल म्हणजे १८५०च्या दशकातलं सोन्याच्या खाणींचं गाव पुन्हा उभारलेलं, १९७०पासून. मुळात मला असली नकली गावं फारशी रुचत नाहीत. हे चालतं, कारण तिथे कामं खरी होतात: लोहार, मेणबत्तीवाला, सोन्याची लगड ओतणारा. ओढ्यातला गाळ थाळीत घुसळून सोन्याचा कण सापडला तर तो तुमचा. आईंना इथे हमखास आवडतं. जागा चढणीची आहे, सावकाश घ्या. गावातली खरी गोष्ट मात्र युरेकाच्या बंडाची. खाणकामगारांना सोनं सापडो न सापडो, परवाना फी भरावीच लागे. ३ डिसेंबर १८५४च्या पहाटे सैनिकांनी त्यांच्या लाकडी कोटावर हल्ला केला, अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं, वीसहून जास्त कामगार मेले. राजद्रोहाचे तेरा खटले मेलबर्नला चालले आणि ज्युरीने तेराही जणांना सोडून दिलं. म्होरक्या पीटर लेलरचा डावा हात गेला. पुढे तोच माणूस विधानसभेचा सभापती झाला. त्यांचा दक्षिण क्रॉसचा मूळ झेंडा बॅलरॅटमध्येच जपलेला आहे, फाटका, कोपरे लोकांनी आठवण म्हणून कापून नेलेले.

या गोष्टीला एक काळी बाजू आहे. चिनी खाणकामगारांवर १८५५मध्ये माणशी दहा पौंड उतरणावळ बसवली. ती चुकवायला ते शेजारच्या वसाहतीत रोब गावी उतरून शेकडो किलोमीटर चालत खाणींवर येत. पुढे १९०१चा कायदा आला आणि गोऱ्यांखेरीज इतरांना अडवायला पन्नास शब्दांचं शुद्धलेखन, तेही अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत. फ्लिंडर्स स्ट्रीटवरच्या जुन्या कस्टम हाउसमधल्या इमिग्रेशन म्युझियममध्ये हे नीट मांडलंय. ज्यांची मुलं इथे स्थायिक झाली आहेत असे आई-बाबा तिथून गप्प बाहेर येतात.

आता ग्रेट ओशन रोड. एका दिवसात करू नका, हे मी स्वतःची चूक सांगून म्हणतो. सुरुवातीच्या वर्षांत मी सहा ज्येष्ठांना पहाटे घेऊन निघालो आणि रात्री अकराला परत आणलं. ट्वेल्व्ह अपॉसल्सला (समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके) पोहोचलो तेव्हा चार जण गाडीत झोपले होते, आणि पाचव्यांना वळणांनी उलटी झाली होती. त्यानंतर मी हा प्रवास दोन दिवसांपेक्षा कमी कधी केला नाही. वाटेत अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम. गाडी नसेल आणि दोन दिवस नसतील तर सरळ गाळा, बॅलरॅट जास्त पदरात टाकतं.

गेलात तर हा रस्ता नुसता देखावा म्हणून बघू नका. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने तो खणला, मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यूच्या लाकडी कमानीशी थांबा. अपॉसल्सपेक्षा मला शेजारची लॉक आर्ड घळ जास्त प्रिय आहे. १ जून १८७८च्या पहाटे 'लॉक आर्ड' जहाज इथे फुटलं. चोपन्नपैकी दोघं वाचली: टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकल, दोघंही अठरा-एकोणीसची. त्याने तिला पाण्यातून ओढून याच वाळूवर आणलं. सगळ्या वसाहतीला वाटलं आता लग्न होणार. झालं नाही, ती आयर्लंडला परत गेली. आणि जहाजातल्या मालात चिनी मातीचा माणसाएवढा उंच मोर होता, १८८०च्या त्या मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी चाललेला. माणसं बुडाली, आणि मोर मात्र पेटीसकट धड किनाऱ्याला लागला. आज तो वॉर्नम्बूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे. घळीत उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. बाबांना वरच्या कठड्यावरूनच दाखवा, गोष्ट तिथूनही दिसते.

आईंसाठी दोन जागा राखून ठेवा. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, १८७८चा बाजार, सोमवारी आणि बुधवारी बंद. डिसेंबरात क्वीन्सलंडचे आंबे आलेले असतात (हापूसशी तुलना त्या करणारच, करू द्या). बाजार जुन्या दफनभूमीवर उभा आहे आणि सुमारे नऊ हजार मृतदेह अजून खाली आहेत, हे मात्र खरेदी झाल्यावर सांगा. आणि पफिंग बिली, डँडेनाँगच्या डोंगरातली वाफेची गाडी. बेलग्रेव्हपर्यंत लोकल जाते, पुढे ही. १९००ची, अडीच फुटी रुळांची, म्हणजे आपल्या बार्शी लाइटची आणि विदर्भातल्या शकुंतलेची बहीण. १९५०च्या दशकात दरड कोसळून बंद पडली, पण हौशी स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली. आजही तिकीट तपासणारे बरेचसे तेच, निवृत्त, कुणाचे तरी आजोबा. नेच्यांच्या जंगलातून जाताना कोळशाचे कण डोळ्यांत जातात, तेवढा आईंना रुमाल द्या. तिकिटं नाताळच्या सुट्टीत लवकर संपतात, आजच काढा. आणि २५ तारखेला कुठेच जायचा बेत करू नका, त्या दिवशी बहुतेक सगळं बंद असतं.